समुद्र दिसणाऱ्या खोलीतून काय दिसत नाही

चार इंग्लिश माणसं दरवर्षी जूनमध्ये आयर्लंडच्या उत्तर किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात सुट्टीला जातात. जेवण झकास असतं, रात्री पत्ते रंगतात, बागेच्या टोकाला कडा आणि कड्याखाली समुद्र. एका वर्षी त्या चौघांतली एक बाई एका अनोळखी माणसाचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेते आणि सगळ्यांच्या सुट्टीचा विचका होतो.

विल्यम ट्रेव्हरच्या ‘बियाँड द पेल’ या कथेत वरवर पाहता एवढंच घडतं. १९८१ साली याच नावाच्या संग्रहात ती आली. मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा शेवटाकडे येता येता मला लाज वाटायला लागली. कथेतल्या पात्रांची नव्हे, माझी. ती का वाटली हे शोधायला हा लेख लिहितेय. कथेचा शेवट सांगितल्याशिवाय हे बोलता येणार नाही. ज्यांना आधी कथा वाचायची असेल त्यांनी इथे थांबा, वाचून या. लेख कुठे पळून जात नाही.

आधी आमच्या सुट्टीबद्दल. मी डब्लिनला शिकत होते. ऑक्टोबरच्या शेवटच्या सोमवारी तिकडे बँक हॉलिडे असतो, म्हणजे सलग तीन दिवस मोकळे. आम्ही चौघांनी ठरवलं, दोन रात्री अँट्रिमच्या किनाऱ्यावर जायचं. अँट्रिम उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे युनायटेड किंग्डममध्ये. डब्लिनहून बस निघाली की सीमा कधी ओलांडली ते कळतसुद्धा नाही. चौकी नाही, पोलीस नाही. रस्त्याच्या कडेची पिवळी रेघ पांढरी होते, पाट्यांवर किलोमीटरचे मैल होतात, झालं. आमच्या आयरिश वर्गमित्रांना या प्रवासाला पाकीटही लागत नाही. आम्हा भारतीय पासपोर्टवाल्यांना मात्र ब्रिटनचा वेगळा व्हिसा काढावा लागतो. तो काढण्यात इतके आठवडे आणि इतके पैसे गेले होते की ‘आता मजा करायचीच’ अशा जिद्दीनेच आम्ही निघालो.

बेलफास्टला गाडी भाड्याने घेतली आणि किनाऱ्याचा रस्ता धरला. डावीकडे डोंगर, उजवीकडे समुद्र, मध्ये कुठेतरी मेंढ्या. काही गावांत फुटपाथच्या कडांना लाल-पांढरा-निळा रंग दिलेला, काही गावांत खांबांवर हिरवा-पांढरा-भगवा आयरिश तिरंगा. आम्ही दोन्हींचे फोटो काढले. आम्हाला दोन्ही सारखेच छान वाटले.

हॉटेल छोटंसं होतं. सकाळी नाश्ता वाढायला साठीच्या आसपासच्या एक बाई असायच्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, कुठून आलात? आमच्यातला एकजण म्हणाला, बॉम्बे. परदेशात तो नेहमी मुंबईचं बॉम्बेच करतो. बाई थबकल्या आणि म्हणाल्या, माझा जन्म बॉम्बे स्ट्रीटवरचा. बेलफास्टचा बॉम्बे स्ट्रीट. मी सहा वर्षांची असताना आम्ही तिथून निघालो.

आम्ही खदाखदा हसलो. म्हणजे तुम्ही पण बॉम्बेवाल्याच! एकाने त्यांच्यासोबत सेल्फी काढला. बाई हातात चहाची किटली धरून थोडा वेळ उभ्या राहिल्या. आम्ही काही विचारलं नाही. मग त्यांनी विचारलं, अजून टोस्ट आणू का? आम्ही म्हणालो, हो, प्लीज.

त्या सकाळी माझ्या मनात एवढंच आलं की इन्स्टाग्रामच्या स्टोरीसाठी मस्त किस्सा मिळाला.

आता कथा. ती सांगते मिली. पन्नाशीची विधवा, इंग्लंडमधल्या सरे परगण्यातली. तिच्यासोबत मेजर स्ट्रेफ, त्याची बायको सिंथिया आणि अविवाहित मित्र डेको. १९६५ पासून जूनचा पहिला पंधरवडा अँट्रिममधल्या ग्लेनकॉर्न लॉजमध्ये घालवायचा असा त्यांचा शिरस्ता. हॉटेल मालसीड नावाच्या जोडप्याचं आणि हे जोडपंही इंग्लिशच. मिली सगळं तपशिलात सांगते. बागेत अंजिरं आहेत, काचघरात पीच पिकतात, मालकांचे दोन डाल्मेशियन कुत्रे आहेत. घराला नवे भाग जोडलेत, पण जुन्या वास्तूला कुठे धक्का लागलेला नाही. तिचा सूर एखाद्या जाणत्या प्रवाशाचा आहे. हॉटेलांची परीक्षणं लिहायला आज ती असती तर तिचे हजारो फॉलोअर असते.

याच सुरात, जाता जाता, ती ‘त्या त्रासा’बद्दलही सांगते. १९६८-६९ पासून उत्तर आयर्लंड पेटलेलं आहे. पुढे तीस वर्षांत साडेतीन हजारांहून अधिक माणसं मरणार आहेत. मिलीच्या लेखी त्याचा अर्थ असा, की मालसीड बिचाऱ्यांची गिऱ्हाइकं कमी झाली. सरेतले शेजारी यांना वेड्यात काढतात, तिकडे कसले जाता म्हणतात. पण किनाऱ्याच्या या कोपऱ्यात तसलं काहीच नाही, असं मालसीड सांगतात आणि तसलं काहीच दिसतही नाही. म्हणून हे चौघे जात राहतात, आणि जात राहण्याला मिली एक प्रकारचं धैर्यसुद्धा मानते.

ट्रेव्हरची खरी करामत मला इथे दिसते. कथा कोण सांगतंय या एका निर्णयात त्याने सगळं पेरून ठेवलंय. मिली दुष्ट नाही. ती नीटनेटकी आहे, विनोदी आहे, मित्रांची काळजी घेते. सिंथियाबद्दल ती जरा कीव केल्यासारखं बोलते. ती नाजूक आहे, तिला फार सोसत नाही, सगळे फिरायला गेले की ही हॉटेलातच बसून आयर्लंडच्या इतिहासाची पुस्तकं वाचते. वाचताना आपणही मिलीच्या बाजूने होतो. सुट्टीवर येऊन कोण इतिहास वाचतं? मिली आपल्याला अलगद आपल्या टेबलावर बसवून घेते आणि आपण तिथे बसलोय हे आपल्या लक्षातही येत नाही.

त्या वर्षी हॉटेलात एक लालसर केसांचा माणूस एकटाच येतो. त्याच्या कपड्यांवरून आणि वागण्यावरून तो ‘इथला’ वाटत नाही. मजा बघा, त्या चौघांपेक्षा तोच खरं तर तिथला आहे. दुसऱ्या दिवशी तिघे बाहेर गेलेले असताना तो सिंथियाशी बोलतो. ते परत येतात तेव्हा तो समुद्रात बुडून मेलेला असतो. मालकांच्या मते अपघात. सिंथियाच्या मते आत्महत्या, कारण त्याने तिला सगळं सांगितलंय. लहानपणी तो आणि एक मुलगी याच जागी आले होते. त्यांच्या प्रेमाची ही जागा. मोठेपणी ती मुलगी लंडनला गेली आणि बॉम्ब बनवायला लागली. तो तिला शोधत गेला आणि त्याने तिला ठार मारलं.

हे सगळं सिंथिया चहाच्या वेळी, सगळ्या पाहुण्यांसमोर, सांगत सुटते. वर्तमानापाशी थांबत नाही, मागे मागे जाते. किलकेनीचे कायदे, आयर्लंडला ब्रिटनशी जोडून टाकणारा कायदा, एकामागून एक नावं. तिघे तिला गप्प करू पाहतात. ती आजारी आहे, तिला धक्का बसलाय, कुणीतरी तिला खोलीत न्या. मग ती शेवटचं बोलते. स्ट्रेफ आणि मिली यांचं प्रकरण तिला कधीचं माहीत आहे. हे प्रकरण मिलीने आपल्याला आधीच, कुजबुजत, अर्ध्या वाक्यांत, काही विशेष नसल्यासारखं सांगितलेलं असतं.

आता नावाकडे येऊ. मध्ययुगाच्या उत्तरार्धात डब्लिनभोवतीचा जो पट्टा इंग्रजी सत्तेच्या खऱ्याखुऱ्या ताब्यात होता त्याला ‘पेल’ म्हणत. पेल म्हणजे कुंपणाचा खुंट, आणि त्यावरून कुंपण. सिंथिया ज्यांचं नाव घेते ते किलकेनीचे कायदे १३६६ सालचे. आयर्लंडमध्ये स्थायिक झालेल्या इंग्रजांनी आयरिश माणसांशी लग्न करायचं नाही, आयरिश भाषा बोलायची नाही, आयरिश पद्धतीने राहायचं नाही. म्हणजे कुंपण जेवढं आयरिशांना बाहेर ठेवायला होतं तेवढंच आपल्या माणसांना आत ठेवायलाही. इंग्रजीत ‘बियाँड द पेल’ म्हणजे सभ्यतेच्या मर्यादेपलीकडचं. कथेत मर्यादा कोण ओलांडतं? बॉम्ब बनवणारी मुलगी? खुनी प्रियकर? मिलीच्या नजरेत ती सिंथिया ओलांडते. चहाच्या वेळी असं बोलतात का!

ग्लेनकॉर्न लॉज हे अशा अर्थाने विसाव्या शतकातलं पेल आहे. मालक इंग्लिश, पाहुणे इंग्लिश, आयरिश असते ती वाढायला येणारी किटी. डेको तिच्याशी रोज थट्टामस्करी करतो. किटी गोड आहे एवढंच आपल्याला कळतं. ती कुठून येते, तिच्या घरी कोण आहे, तिचं कुणी मेलंय का, हे कथेत कुठेच नाही. मिलीने कधी विचारलंच नाही तर ती सांगणार कुठून?

या कथेवर आक्षेप घेता येतात आणि ते घ्यायला हवेत. पहिला आक्षेप सिंथियाच्या लांबलचक बोलण्याचा. पहिल्या वाचनात मला ते भाषण वाटलं. सनावळी ऐकवणारी बाई कथेचा तोल बिघडवते, लेखकाला जे म्हणायचंय ते तिच्या तोंडून वदवून घेतल्यासारखं वाटतं. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. ज्यांची ही शोकांतिका आहे त्या दोन आयरिश माणसांना कथेत आवाजच नाही. मेलेल्या मुलीची गोष्ट मेलेला माणूस सांगतो, ती सिंथिया सांगते, ती मिली आपल्याला सांगते. मूळ माणसापासून आपण तीन हात लांब. ती मुलगी बॉम्ब का बनवायला लागली, याचं उत्तर सिंथिया कल्पनेने भरून काढते. बाकीचे म्हणतातच की हिने हे मनाचं रचलंय. आणि गंमत अशी की कथेत याचा निवाडा करायला काहीच पुरावा नाही. कदाचित तो माणूस चार वाक्यंच बोलला असेल. दुसऱ्याचं दुःख ऐकून आपल्या फसलेल्या लग्नाचा राग बाहेर काढणारी बाई, असंही सिंथियाकडे बघता येतं.

दुसऱ्या वाचनात पहिला आक्षेप माझ्यापुरता विरला. सिंथिया नीट बोलूच शकत नाही, कारण नीट बोलणं ही त्या टेबलाची मक्तेदारी आहे. मिलीचं प्रत्येक वाक्य इस्त्री केलेलं असतं. ज्या भाषेत सगळं नीटनेटकं सांगता येतं त्या भाषेत हे सांगता येणार नाही, म्हणून ती अडखळते, याद्या म्हणते, पुन्हा पुन्हा तेच बोलते. दुसरा आक्षेप मात्र राहतो आणि तो राहावा असंच मला वाटतं. ट्रेव्हर त्या मुलीच्या तोंडून कथा सांगू शकला असता का? तो दक्षिणेतल्या कॉर्क परगण्यात, मिचल्सटाउनला, १९२८ साली एका प्रोटेस्टंट कुटुंबात जन्मला. बहुसंख्य कॅथलिकांच्या गावांत अल्पसंख्य म्हणून वाढला. १९५०च्या दशकात इंग्लंडला गेला आणि २०१६ साली वारला तोवर तिथेच राहिला. इंग्लिश माणसांचा चहा त्याने जवळून पाहिला होता. जिथून त्याला दिसत होतं तिथे उभा राहून त्याने लिहिलं. बेलफास्टच्या गल्लीचा आव आणला नाही.

त्याच्या ‘अट्रॅक्टा’ या १९७८ सालच्या संग्रहात आलेल्या कथेशी ही ताडून बघावी. तिथेही एक बाई बोलते. कॉर्कजवळच्या गावातली म्हातारी प्रोटेस्टंट शिक्षिका वर्तमानपत्रात एक भयंकर बातमी वाचते. बेलफास्टमध्ये मारल्या गेलेल्या एका इंग्लिश सैनिकाचं मुंडकं बिस्किटाच्या डब्यात घालून त्याच्या बायकोला पाठवलेलं, ती बायको द्वेष करायचं नाकारून शांततेचं काम करायला त्याच शहरात आलेली आणि तिथे तिच्यावर झालेला अत्याचार. शिक्षिका हे वर्गात मुलांना सांगते, आपल्या स्वतःच्या आईबापांच्या मरणाची गोष्टही सांगते. मुलं ढिम्म. रोज टीव्हीवर हेच बघून ती निबर झालीत. तिला निवृत्त व्हावं लागतं. दोन्ही कथांचा सांगाडा एकच, बोलणारी बाई आणि न ऐकणारी खोली. पण ‘अट्रॅक्टा’मध्ये आपण शिक्षिकेसोबत असतो, आपल्याला तिच्याबद्दल हळहळ वाटते आणि हळहळ वाटली की आपण सुटतो. ‘बियाँड द पेल’मध्ये ट्रेव्हर ही सोय काढून घेतो. आपण न ऐकणाऱ्यांच्या डोक्यात अडकलेलो असतो. शेवटपर्यंत मिली बदलत नाही. तिला दया येते ती स्ट्रेफची, अशी बायको पदरी पडलेल्या माणसाची. म्हणून मला ही कथा जास्त मोठी वाटते.

१९९८च्या गुड फ्रायडे करारानंतर हा किनारा पुन्हा पर्यटकांचा झाला, आणि ते चांगलंच झालं. आता तिथे जाणारी गर्दी ‘गेम ऑफ थ्रोन्स’ची आहे. आम्हीही त्यातलेच. बॅलिनटॉयचं छोटं बंदर आम्ही आयर्न आयलंड्स म्हणून पाहिलं, कुशेंडनच्या गुहेत कोणता प्रसंग चित्रित झाला ते आम्हाला पाठ होतं, डार्क हेजेसच्या झाडांखाली आमच्यातला एकजण तलवार उपसल्याचं सोंग करत चालला. बॅलिनटॉयहून समोर राथलिन बेट दिसतं. १५७५ साली इंग्रजी फौजेने त्या बेटावर शेकडो माणसांची कत्तल केली, त्यात बायकामुलंही होती. फौज बेटावर नेणाऱ्या जहाजांवर फ्रान्सिस ड्रेक होता, शाळेत ज्याच्या पृथ्वीप्रदक्षिणेबद्दल आपण वाचतो तोच. आम्ही त्या समुद्राकडे बघत उभे होतो आणि कुठल्या काल्पनिक राजघराण्याने कुणाचा वंश कसा संपवला यावर वाद घालत होतो. मालिका बघू नये असं मी म्हणत नाहीये, मी ती दोनदा बघितलीय. एवढंच म्हणतेय की मिलीला निदान काचघरातली फळं लागत होती. आम्हाला खऱ्या जागेकडे न बघायला आठ सीझन पुरले.

कथा मी त्या सहलीनंतर काही महिन्यांनी वाचली. किटीपाशी आले आणि थांबले. मग फोनवर ‘बॉम्बे स्ट्रीट, बेलफास्ट’ शोधलं. जे आम्ही हॉटेलच्या टेबलावर बसून दहा सेकंदांत करू शकलो असतो.

पश्चिम बेलफास्टच्या क्लोनार्ड भागात साम्राज्याच्या अभिमानाने ठेवलेली रस्त्यांची नावं आहेत. काश्मीर रोड, लखनौ स्ट्रीट, कानपूर स्ट्रीट, बॉम्बे स्ट्रीट. राहणारे बहुतेक कॅथलिक कामगार. १५ ऑगस्ट १९६९ या दिवशी शेजारच्या प्रोटेस्टंट वस्तीतून आलेल्या जमावाने बॉम्बे स्ट्रीट जाळला. पंधरा वर्षांचा एक मुलगा तिथे गोळी लागून मेला. त्याच दिवशी बेलफास्टमध्ये ब्रिटिश सैन्य उतरलं. रस्ता पुढे पुन्हा बांधला गेला. आज त्या घरांच्या मागे उंच भिंत आहे, पलीकडच्या वस्तीपासून वेगळं करणारी, आणि पलीकडून काही फेकलं तर पडू नये म्हणून मागच्या अंगणांवर जाळ्या आहेत.

मी सहा वर्षांची असताना आम्ही तिथून निघालो. हे वाक्य बाईंनी आमच्यासमोर ठेवलं होतं आणि त्या थांबल्या होत्या. कदाचित आम्ही ‘का?’ विचारू म्हणून. कदाचित नुसतंच, हातातली किटली जड झाली म्हणून. मला माहीत नाही, आणि आता त्यात माझ्या मनाचं भरून सिंथिया व्हायचं मला नाही. त्यांचं घर जळालं होतं का, त्या कुठल्या रात्री निघाल्या, हे मी त्यांच्या वतीने रचणार नाही. मला खात्रीने सांगता येतं ते एवढंच, की व्हिसाच्या अर्जात मी ‘भेटीचं कारण’ या रकान्यात पर्यटन लिहिलं होतं आणि त्या शब्दाला मी पूर्ण जागले.

या कथेवर लिहिणारे बहुधा सिंथियाच्या धाडसाबद्दल लिहितात. मला वाटतं, आपल्यातल्या बहुतेकांच्या वाट्याला सिंथिया होणं येत नाही. आपल्याला मिलीच मिळते, तिचा सूर, तिची चांगली अभिरुची, तिचा ‘इथे तसलं काही नाही’ हा दिलासा. ट्रेव्हरने तो सूर इतका गोड लावलाय की पंचवीसेक पानं आपण त्यात रमतो. आपण रमलो होतो, हे शेवटी कळणं, हीच या कथेची परीक्षा.

तो सेल्फी अजून माझ्या फोनमध्ये आहे. आम्ही चौघे दात काढून हसतोय. कडेला बाई आहेत, अर्ध्याच फ्रेममध्ये आलेल्या, आणि त्या कॅमेऱ्याकडे बघत नाहीयेत.